हूक खाली येत नाही तेव्हा

मोबाइल क्रेनचं चालतं मॉडेल करायला घेतलेल्या माणसाला सुरुवातीलाच एक कोडं पडतं. विंच चालू केली की हूक झकास वर जातो. विंच उलटी फिरवली की मात्र तो होता तिथंच लोंबकळत राहतो आणि ड्रमवर सैल दोरीचा गुंता होतो. मोटार ठीक, वायरिंग ठीक, मग अडलं कुठं? अडलेलं असतं वजनात. मोठ्या क्रेनचा रिकामा हूक-ब्लॉकच काहीशे किलोंचा असतो. कप्प्यांमधलं घर्षण झुगारून तो आपल्या वजनानं खाली येतो. ७०० किलोंचा ब्लॉक एकास वीस प्रमाणात केला तर तो जेमतेम ८७ ग्रॅमचा भरायला हवा. प्लास्टिकमध्ये पोकळ केला तर त्याहूनही पुष्कळ हलका होतो. एवढ्याशा वजनाला चार कप्प्यांमधून दोरी ओढवत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. ब्लॉकच्या पोटात जागा ठेवायची आणि तिथं शिसं भरायचं. पण हा एक हूक पुढच्या सगळ्या कामाचा मासला आहे. खरं यंत्र लहान करताना त्यातलं सगळं एकाच हिशोबानं लहान होत नाही. लांबी एका चालीनं घटते, ताकद दुसऱ्या, वजन तिसऱ्या, आणि घर्षण तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. त्यामुळे चालतं मॉडेल करणारा माणूस क्रेनची हुबेहूब छोटी प्रत काढतच नसतो. काय खरं ठेवायचं आणि कुठं हातचलाखी करायची, हे तो भागाभागाला ठरवत असतो. या छंदाचे वेगवेगळे रस्ते पाहायचे ते याच कसोटीवर.

क्रेनपासूनच सुरू झालेला खेळ

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १८९९ च्या सुमारास आपल्या मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाड्या आणि क्रेन करायला घेतल्या. दर मॉडेलला नवे तुकडे कापावे लागत. सारख्या अंतरावर भोकं पाडलेल्या पट्ट्या असल्या तर त्याच नट-बोल्टनी कितीही वस्तू जोडता आणि मोडता येतील, हे त्याच्या ध्यानात आलं. १९०१ मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव आलं. भोकांमधलं अंतर तेव्हापासून अर्धा इंच. पुढं भारतात ‘मेकॅनिक्स’ नावाचे संच मिळू लागले, तरी मराठी घरांत पट्ट्या आणि बोल्टांच्या कुठल्याही डब्याला मेकॅनोच म्हणत आले आहेत.

मेकॅनो धातूचा, त्यामुळे वजन आपोआप मिळतं. पितळी दातेरी चाकं, वर्म आणि कप्प्या असतातच. जाळीच्या बूमची क्रेन यात उत्तम होते. पण सगळी मापं अर्ध्या इंचाच्या पटीत अडकतात, आणि एकातून एक सरकणारा टेलिस्कोपिक बूम पट्ट्यांमधून सफाईदार निघत नाही.

दुसरा रस्ता लेगो टेक्निकचा. २०१३ च्या ‘मोबाइल क्रेन एमके २’ या संचात २,६०६ तुकडे होते, २०१८ च्या रफ टेरेन क्रेनमध्ये ४,०५७. एकच मोटार गिअर बदलून आउटरिगर (क्रेनला आधार द्यायला बाजूंना पसरणारे पाय), बूम आणि विंच यांना आळीपाळीनं कशी जुंपायची, हे शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. उणीव प्लास्टिकची आहे. बूम लांबला की जोड ढिलावतात आणि टोक झुकतं.

तिसरा रस्ता आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतला. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाइनची नळी. एक दट्ट्या दाबला की दुसरा उचलला जातो आणि पास्कलचा नियम हातानं कळतो. या क्रेनकडं कुणी प्रमाणबद्ध मॉडेल म्हणून पाहत नाही. पण तिच्यात खराखुरा द्रव खराखुरा भार उचलतो, हे महागड्या मॉडेलांपैकी अनेकांना जमत नाही.

चौथा रस्ता धातूच्या ओतीव मॉडेलांचा. जर्मनीतल्या एनझेडजी आणि कॉनरॅड या कंपन्या एकास पन्नास प्रमाणात क्रेनची देखणी मॉडेलं करतात. बूम लांबतो, आउटरिगर निघतात, चावीनं दोरी गुंडाळते. पण सगळं बोटांनी. कपाटात ठेवायला ती अप्रतिम, कामाला लावायला नाहीत.

उरतो पाचवा रस्ता, म्हणजे स्वतः आराखडा काढून पितळ, ॲल्युमिनियम, पत्रा आणि थ्रीडी छपाई वापरून घडवणं आणि रिमोटवर चालवणं. लेखाचा उरलेला भाग मुख्यतः त्याचा.

हिशोब वजनाचा

लहान आणि मोठ्या वस्तूंच्या ताकदीचा हिशोब गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात मांडून ठेवला आहे. लांबी वीसपट कमी केली तर छेदाचं क्षेत्रफळ चारशेपट कमी होतं आणि वजन आठ हजारपट. ताकद छेदावर अवलंबून. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानानं मॉडेल मूळ यंत्राच्या वीसपट दणकट निघतं. त्यामुळे मॉडेलचा बूम मोडेल ही काळजी बहुतेक वेळा अनाठायी असते. काळजी करायची ती क्रेन कलंडण्याची.

एक उदाहरण घेऊ. युरोपात रस्त्यावरून जाताना ॲक्सलमागे १२ टन हा अंदाज धरून क्रेन आखल्या जातात, म्हणजे पाच ॲक्सलची क्रेन ६० टनांची. एकास वीसमध्ये ती साडेसात किलोंची व्हायला हवी. आउटरिगर पसरल्यावर दोन बाजूंमधलं अंतर मूळ क्रेनवर ७ मीटर असेल तर मॉडेलवर ३५ सेंटीमीटर. बूमचं वजन बाजूला ठेवून आणि सगळा भार मधोमध धरून हिशोब केला, तर मध्यापासून अर्ध्या मीटरवर टांगलेले सुमारे ४ किलो हे मॉडेल उलटवतात. एक मीटरवर सुमारे १.६ किलोच पुरतात.

आता हेच मॉडेल प्लास्टिकमध्ये छापलं आणि ते ३ किलोंचंच झालं, तर अर्ध्या मीटरवरची मर्यादा ४ वरून १.६ किलोंवर येते. दिसायला काही फरक नसतो, पण क्रेन निम्म्याहून कमी उरते. म्हणून अनुभवी माणसं बॅटरी वरच्या फिरत्या भागात मागं बसवतात. ती काउंटरवेटचं काम करते. उरलेली जागा शिशाच्या पट्ट्यांनी किंवा पोलादी ठोकळ्यांनी भरतात. नवशिके मॉडेल हलकं करायला धडपडतात, जुने ते जड करायला.

दणकटपणाची दुसरी बाजू दिसण्यात आहे. खरा लांब बूम भार घेतल्यावर डोळ्यांना दिसेल इतका वाकतो. मॉडेलचा बूम, तोच धातू असला तर, त्या मानानं वीसपट कमी वाकतो आणि भाल्यासारखा ताठ राहतो. झोकाही तसाच. २० मीटर दोरीवरचा भार एक झोका घ्यायला सुमारे ९ सेकंद लावतो. मॉडेलमधल्या एक मीटर दोरीवर तोच झोका २ सेकंदांत होतो. सिनेमातली छोटी मॉडेलं जास्त वेगानं चित्रित करून पडद्यावर संथ दाखवतात ते याचसाठी. डोळ्यांसमोर चालणाऱ्या मॉडेलला ही सवलत नाही. हालचाली हळू सुरू करणं आणि हळू थांबवणं, एवढंच हातात असतं. पण त्यानंही ‘खेळण्यासारखं’ वाटणं निम्म्यानं कमी होतं.

प्रमाण चाकावरून ठरतं

कुठलं प्रमाण घ्यायचं, हा प्रश्न कागदावर सुटत नाही. तो चाकांच्या दुकानात सुटतो. चांगला रबरी टायर घरी करणं कठीण, म्हणून मिळेल त्या टायरभोवती क्रेन आखतात. मोबाइल क्रेनवर सर्रास दिसणाऱ्या १४.०० आर २५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे १.३७ मीटर असतो. एकास वीसमध्ये तो ६८ मिलिमीटर. जपानच्या तामिया कंपनीचे ट्रक एकास चौदा प्रमाणाचे असल्यामुळे त्यांचे टायर सहज मिळतात. पण मूळ ट्रकचा टायर क्रेनच्या टायरहून लहान. म्हणजे ट्रकचे टायर क्रेनला लावले तर क्रेन एकास चौदा राहत नाही. टायर मोजून प्रमाण पुन्हा काढावं लागतं, नाहीतर रुबाबदार क्रेन स्केटिंगच्या चाकांवर उभी दिसते.

दुसरी मर्यादा घराची. पन्नास मीटरचा बूम एकास चौदामध्ये साडेतीन मीटरचा होतो आणि फ्लॅटच्या छताला लागतो. लीबहेरची २००७ साली आलेली नऊ ॲक्सलची एलटीएम ११२००-९.१ ही क्रेन १,२०० टन क्षमतेची, १०० मीटर टेलिस्कोपिक बूमची. ती एकास वीसमध्ये केली तर बूम ५ मीटरचा, म्हणजे सोसायटीच्या आवारातच उभा करावा लागेल. एकास पन्नासमध्ये बूम दोन मीटरचा होतो, पण मग मोटारी मावत नाहीत. एकास सोळा ते एकास पंचवीस या पट्ट्यात घर आणि मोटार दोघांची सोय होते.

बूम

सगळ्यात जास्त डोकं खातो तो बूम. मोठ्या आधुनिक क्रेनमध्ये बूमच्या पोटात एकच लांब हायड्रॉलिक सिलिंडर असतो. तो एक भाग पुढं ढकलतो, पिनांनी तो अडकवतो, स्वतः मागं येतो आणि पुढचा भाग धरतो. हे सगळं पंधरा-वीस मिलिमीटर रुंदीच्या नळीत बसवणं जवळपास अशक्य. म्हणून मॉडेलवाले जुन्या क्रेनमधली दोरीची युक्ती वापरतात. पहिला भाग मळसूत्रानं सरकतो. त्याच्या टोकावरच्या कप्पीवरून गेलेली दोरी दुसऱ्याला ओढते, दुसऱ्यावरची तिसऱ्याला. सगळे भाग एकदम, सारख्या वेगानं बाहेर येतात. खऱ्या मोठ्या क्रेनवर ते एकामागून एक येतात. जाणकाराला फरक कळतो, पण बूम लांबतो.

यात लपलेला खरा शत्रू म्हणजे ढिलाई. दोन नळ्यांमध्ये अर्धा मिलिमीटर फट राहिली आणि त्या एकमेकींत ५० मिलिमीटर अडकलेल्या असल्या, तर शंभराला एक असा उतार येतो. पाच भाग असले की हा उतार दर सांध्याला वाढत जातो आणि दीड-दोन मीटरच्या बूमचं टोक काही सेंटीमीटर खाली येतं. याला वाकणं म्हणत नाहीत, हे लोंबणं. उपाय दोन. नळ्या एकमेकींत जास्त लांब अडकवून ठेवायच्या, आणि फटीत घासपट्ट्या द्यायच्या. खऱ्या क्रेनमध्येही नायलॉनसारख्या प्लास्टिकचे सरकते ठोकळे असतातच. मॉडेलला टेफ्लॉनची पट्टी चालते. थ्रीडी छपाईच्या बूममध्ये थर आडवे पडले तर बूम थरावरच तुटतो, म्हणून तो निजवून छापतात.

जाळीच्या बूमची गोष्ट सोपी. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुण्यातल्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून हेच हजारो मुलांना दाखवलं. ज्यानं तो खेळ केला आहे, त्याला पितळी तारेचा जाळीबूम डाग देऊन जोडताना तिरक्या काड्या कुठं द्यायच्या, हे सांगावं लागत नाही.

दोरी आणि विंच

विंचला लागणारी ताकद ऐकली की नवख्याचा विश्वास बसत नाही. दोन किलोंचा भार सेकंदाला दोन सेंटीमीटर वेगानं उचलायला अर्धा वॉटही लागत नाही. चार पदरी दोरी असेल तर एका पदरावर अर्धा किलो ओढ. २० मिलिमीटरच्या ड्रमवर हे अर्धा किलो-सेंटीमीटर टॉर्कमध्ये भागतं आणि ड्रम मिनिटाला ७६ फेरे घेतो. बोटाच्या पेराएवढी गिअरमोटार हे करते. कठीण आहे ते भार उचलल्यावर मोटार बंद झाली तरी तो तिथंच धरून ठेवणं. खऱ्या विंचमध्ये स्प्रिंगनं दाबला जाणारा ब्रेक असतो. मॉडेलमध्ये वर्म गिअर लावतात. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे ब्रेक वेगळा लागत नाही.

खरी वायररोप वीसपट बारीक केली तर साधारण एक मिलिमीटरची होते. त्या जाडीची पोलादी दोरी मिळते, पण ती छोट्या कप्पीभोवती वळायला तयार नसते, स्प्रिंगसारखी ताठ उभी राहते. म्हणून मासेमारीची विणलेली दोरी वापरतात. पिळाचा दोरा घेतला तर भार लागताच तो पीळ सोडतो आणि हूक भिंगरीसारखा फिरतो. खऱ्या क्रेनवरही ही अडचण असते. तिथं आतल्या आणि बाहेरच्या पेडांना उलटसुलट पीळ देऊन दोरी मुद्दाम शांत केलेली असते. विणलेल्या दोरीला पीळच नसल्यानं मॉडेलचं काम सोपं होतं. इथली हातचलाखी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि भार सरळ ओळंब्यात उतरतो.

तेल की आटे

बूम उचलणारा जाडजूड सिलिंडर ही मोबाइल क्रेनची ओळख. तोही तेलावरच चालवायचा का? खऱ्या क्रेनमधला तेलाचा दाब ३०० बारच्या घरात जातो. मॉडेलसाठीचे छोटे पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर जर्मनीत तयार मिळतात, त्यांचा दाब त्या मानानं पुष्कळ कमी. सिलिंडर बारीक झाला की सीलचं घर्षण मात्र त्या प्रमाणात घटत नाही, म्हणून हालचाल झटके देत होते. शिवाय किंमत भारी आणि दिवाणखान्याच्या सतरंजीवर तेलाचे डाग.

बहुतेक जण म्हणून सिलिंडरच्या नळीत आट्यांचा दांडा बसवतात. मागून मोटार दांडा फिरवते, नट पुढं सरकतो, बाहेरून पाहणाऱ्याला पिस्टनच दिसतो. भारही आपोआप धरून ठेवला जातो. यांत्रिकदृष्ट्या हा शहाणपणाचा पर्याय आहे. ज्यांना तेलाची नजाकतच हवी, त्यांच्यासाठी पैसा आणि चिंध्या दोन्ही तयार असावेत.

खालची गाडी

पाच ॲक्सलची गाडी वळताना प्रत्येक चाकाचा कोन वेगळा असावा लागतो. सगळ्या ॲक्सलच्या रेषा वळणाच्या एकाच मध्यबिंदूत मिळायला हव्यात, नाहीतर टायर घासत जातात. दोन चाकांपुरता हा विचार लंडनच्या रुडॉल्फ ॲकरमननं १८१८ साली बग्ग्यांसाठी पेटंट केला होता. मॉडेलमध्ये पूर्वी वेगवेगळ्या लांबीच्या तरफा जोडून कोन साधत. आता दर ॲक्सलला एक सर्वो देतात आणि छोटा मायक्रोकंट्रोलर कोन काढतो. त्यामुळे खऱ्या क्रेनसारखं खेकड्याच्या चालीनं तिरकं सरकणंही दोन ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसतं. या एका बाबतीत मॉडेल खऱ्या क्रेनच्या अगदी जवळ जातं, कारण कोनाला प्रमाण लागत नाही.

वरचा भाग फिरवण्यासाठी जेवणाच्या फिरत्या टेबलातली छर्ऱ्यांची चकती उत्तम काम करते. तारांना पीळ पडू नये म्हणून वर आणि खाली वेगळे रिसीव्हर ठेवतात किंवा मधून स्लिपरिंग नेतात. आउटरिगरचे पाय मळसूत्रांवर.

पहिलंच मॉडेल असेल तर मात्र माझा सल्ला वेगळा आहे. आपल्याकडं एमआयडीसीतल्या रस्त्यांवर जी पिवळी ‘हायड्रा’ पुढं भार धरून हळूहळू चालत जाते, ती करावी. हायड्रा हे एका उत्पादनाचं नाव, पण आता त्या जातीच्या सगळ्याच क्रेनना लोक तसं म्हणतात. तिला आउटरिगर नाहीत, बूम गोल फिरत नाही. उचल, लांबव, विंच आणि गाडी एवढ्या चारच हालचाली. आणि पुढचा भार वाढला की मागची चाकं कशी हलकी होतात, हे ती पहिल्याच संध्याकाळी शिकवते.

स्वतःचा तक्ता

इतका सगळा हिशोब करून झाला की बरेच जण थांबतात. मॉडेल चालतं, फोटो निघतात, कपाटात जातं. पण क्रेन म्हणून एक काम उरलेलं असतं. प्रत्येक खऱ्या क्रेनला लोड चार्ट असतो. फिरण्याच्या मध्यापासून भार किती अंतरावर असेल तर किती उचलायचा, याचा तक्ता. कलंडण्याच्या मर्यादेच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच उचलायची परवानगी असते. अमेरिकेत आउटरिगरवर उभ्या क्रेनला ८५ टक्के धरतात, युरोपात साधारण ७५.

मूळ क्रेनचा तक्ता आठ हजारनं भागून मॉडेलला लावता येत नाही. ते खोटं ठरतं, कारण मॉडेलचं वजन, आउटरिगरची लांबी, सांध्यांची ढिलाई आणि बूमचा भार सगळं आपल्या हातचं असतं. मॉडेलचा तक्ता मोजूनच काढावा लागतो. रीत सोपी आहे. भाराच्या विरुद्ध बाजूच्या आउटरिगरच्या पायाखाली कागदाचा कपटा ठेवायचा. हुकाला रिकामी बाटली टांगायची आणि तिच्यात पाणी भरत जायचं. मिलिलिटर म्हणजेच ग्रॅम, वर बाटलीचं वजन. कपटा अलगद ओढून निघाला की पाय उचलला गेला, म्हणजे मर्यादा आली. सुरक्षेसाठी बूमला छतावरून सैल दोरी बांधून ठेवायची. हेच वेगवेगळ्या अंतरांवर, बाजूला, पुढं आणि मागं करायचं. आलेल्या आकड्यांचे तीन चतुर्थांश वहीत लिहायचे. ज्याला हौस आहे, त्यानं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी लोडसेल घ्यावा, बूमला कोन मोजणारा सेन्सर लावावा आणि आर्डुइनोला तो तक्ता पढवावा. मर्यादा आली की बझर वाजेल.

माझ्या टेबलाशी बसून एका शेजाऱ्यानं असा तक्ता पाहिला तेव्हा त्याला हसू आलं. एवढ्याशा यंत्रासाठी एवढा कागद? पण साइटवरचा ऑपरेटर भार हुकाला लागण्याआधी दोनच गोष्टी विचारतो, माल किती आणि किती लांब. कपाटातल्या देखण्या मॉडेलपाशी या प्रश्नांना उत्तर नसतं. पोटात शिसं भरलेल्या हुकाच्या, सैलसर बूमच्या आणि सिलिंडरऐवजी आट्यांवर चालणाऱ्या त्या मॉडेलपाशी असतं: अर्ध्या मीटरवर तीन किलो, एक मीटरवर एक.